सोलोच्या मागची गिटार

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३ साली सर्वश्रेष्ठ शंभर गिटारवादकांची यादी छापली, तेव्हा एडी व्हॅन हॅलन सत्तराव्या क्रमांकावर होता. २०११च्या यादीत तो आठवा आला. २०२३मध्ये अडीचशे जणांची नवी यादी झाली, तिच्यात तो चौथा. पहिल्या दोन याद्यांच्या मधल्या आठ वर्षांत त्याच्या बँडचा एकही नवा स्टुडिओ अल्बम आला नव्हता. हात तेच, वाजवलेलं तेच. बदलले ते निवड करणारे. पहिली यादी डेव्हिड फ्रिक या एका समीक्षकाने केली होती. दुसरी संगीतकारांच्या आणि जाणकारांच्या मतदानातून आली.

पहिल्या क्रमांकाबद्दल मात्र तिन्ही वेळा एकमत होतं : जिमी हेंड्रिक्स. भांडण सुरू होतं ते दुसऱ्या क्रमांकापासून, आणि ते काही केल्या मिटत नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर, वाद्यांच्या दुकानात, बँडच्या तालमीत ते रोज नव्याने पेटतं. एकाला वेग हवा असतो, दुसऱ्याला ‘फील’. तिसरा म्हणतो, ज्याचं ऐकून हजारो पोरांनी गिटार हातात घेतली तोच मोठा. चौथा विचारतो, त्याने स्वतःची गाणी किती केली? ‘कलेत कसले क्रमांक’ असं म्हणून हा वाद झटकून टाकणारेही पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं सभ्य आहे, पण त्यात एक गोष्ट निसटते. मोठं कोण हे सांगताना माणूस आपण काय ऐकतो ते सांगत असतो. समोरच्याला पटवायचं म्हणून तो तीच रेकॉर्ड पुन्हा लावतो, आणि चांगला वाद झाला तर दोघंही आधी न ऐकलेलं काहीतरी ऐकून उठतात.

पुढच्या पानांवर निरनिराळ्या गिटारवादकांवरचे लेख आहेत आणि त्यांचे लेखक एकमेकांशी सहमत नाहीत. तसं असणंच योग्य. या प्रस्तावनेलाही स्वतःची बाजू आहे, ती आधीच सांगितलेली बरी. गिटारवादकांबद्दलचा वाद जवळजवळ नेहमी सोलोभोवती फिरतो. गाणारा थांबतो, गिटारवाला पुढे येतो, दिवे त्याच्यावर पडतात आणि श्रोते त्याला जोखू लागतात. तो सोलो अर्ध्या मिनिटाचा असतो. उरलेल्या तीन-साडेतीन मिनिटांत तोच माणूस, तोच हात काय करत असतो, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मोठेपणाचा भक्कम पुरावा पुष्कळदा तिथेच असतो.

सुरुवात वेगापासून करायला हवी, कारण नव्या श्रोत्याला पहिल्यांदा तोच दिसतो. व्हॅन हॅलनचं ‘इरप्शन’ १९७८ साली बँडच्या पहिल्याच अल्बमवर आलं. लांबी एक मिनिट बेचाळीस सेकंद. शेवटच्या भागात तो उजव्या हाताचं बोट थेट नेकवर आपटून स्वर काढतो आणि डाव्या हाताच्या स्वरांत ते इतक्या सफाईने गुंफतो की एकटी गिटार ऑर्गन वाजत असल्यासारखी ऐकू येते. टॅपिंगची ही युक्ती त्याने शोधलेली नव्हती. जिमी वेबस्टर नावाच्या वादकाने १९५२ सालीच या पद्धतीवर पुस्तक लिहिलं होतं. ‘जेनेसिस’चा स्टीव्ह हॅकेट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती वापरत होता. मग व्हॅन हॅलनचं काय? त्याचा नाद. दुकानातली कुठलीच गिटार त्याच्या मनासारखी वाजत नव्हती, म्हणून त्याने सुटी बॉडी आणि सुटी नेक घेतली, गिब्सनचा पिकअप तिच्यात बसवला, आणि लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची ती जोडून केलेली गिटार घेऊन तो स्टेजवर उभा राहिला. ‘इरप्शन’नंतरच्या काही वर्षांत त्याच्यासारखं टॅपिंग करणारे शेकडो निघाले. त्यांतले काही त्याच्याहून वेगवानही होते. पण त्याच अल्बमवर गाण्यांच्या मागे तो जे वाजवतो, ते हसरं, उसळतं, तालाच्या किंचित पुढे झुकणारं कॉर्ड वाजवणं, ते त्यांना साधलं नाही.

वेगाला नाकं मुरडणाऱ्यांनी जँगो राइनहार्ट जरूर ऐकावा. १९१० साली बेल्जियममध्ये भटक्या रोमा कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९२८ साली पॅरिसच्या सीमेवर त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि तो भयंकर भाजला. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. गिटार संपली असंच कुणीही धरलं असतं. तो दोन बोटांवर सगळं पुन्हा शिकला. तर्जनी आणि मध्यमा एवढ्यांवर तो नेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाई, आणि आखडलेली बोटं काही कॉर्डपुरती वापरी. १९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर त्याने पॅरिसमध्ये पंचक उभं केलं, ते निव्वळ तारवाद्यांचं होतं : एक व्हायोलिन, तीन गिटारी, एक डबल बेस. ड्रम नाहीत. ताल धरण्याचं सगळं काम मागच्या दोन गिटारींचं. जँगोची झेप ऐकून श्रोता थक्क होतो. त्या झेपेखालची जमीन त्याच्या भावाने आणि दुसऱ्या एका साथीदाराने धरून ठेवलेली आहे, आणि जँगो स्वतः ग्रापेलीच्या मागे वाजवताना तीच जमीन होतो.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी मशीनमध्ये तुटली. तो डावखुरा होता, म्हणजे नेकवर चालणाराच हात गेला. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या लावल्या, पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवले. ‘ब्लॅक सॅबथ’चा तो जड, काळोखा आवाज आणि त्यातून निघालेला अख्खा हेवी मेटलचा प्रवाह या तडजोडीत रुजलेला आहे.

अशा गोष्टी वाचताना एक सावधगिरी हवी. अपघातामुळे कुणी मोठा होत नाही. हात गमावून वाद्य कायमचं खाली ठेवणारे कितीतरी असतील, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. जँगो आणि आयोमीच्या कथेतून घ्यायचं ते एवढंच की काय वाजवता येत नाही हे त्यांना नेमकं कळलं होतं, आणि उरलं त्यातून त्यांनी स्वतःचं बोलणं घडवलं.

बी. बी. किंगच्या बाबतीत तर अपघातही नव्हता. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांवर वाढलेला हा रायली किंग चाळीसच्या दशकात मेम्फिसला आला आणि त्याचा मोठा भाऊबंद बुका व्हाइट याच्याकडे राहिला. व्हाइट बोटात धातूची नळी घालून तारांवरून सरकवत वाजवी आणि त्या स्लाइडचा रडवेला, थरथरता स्वर किंगच्या कानात बसला. त्याला स्वतःला काही ती नळी जमली नाही. मग तो तो थरथराट नुसत्या बोटाने काढायला लागला.

तो कसा काढी हे त्याच्या चित्रफितींत स्वच्छ दिसतं. तर्जनी एका तारेवर घट्ट टेकते. अंगठा नेकवरून सुटतो. बाकीची बोटं हवेत मोकळी पसरतात. मग मनगटापासून पंजा झपाझप डोलतो, तार पडद्यावर किंचित खेचली जाते, सुटते, खेचली जाते, आणि तो एकच स्वर गळ्यातून आल्यासारखा हलू लागतो. त्यानंतर किंग थांबतो. हे थांबणं महत्त्वाचं. एक ओळ तो गातो, हात स्तब्ध; ओळ संपते, गिटार उत्तर देते, तोंड मिटलेलं. गाणं आणि वाजवणं दोन्ही एकदम आपल्याला जमत नाही, असं तो उघड सांगे. १९८८च्या ‘रॅटल अँड हम’ या चित्रपटात ‘यू टू’ या बँडच्या पोरांना त्याने आपल्याला कॉर्ड वाजवता येत नाहीत असंही सांगून टाकलं. जगातल्या कुठल्याही गिटारच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात जे शिकवतात, ते येत नसलेला हा माणूस. पण २१ नोव्हेंबर १९६४ला शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये ध्वनिमुद्रित झालेला त्याचा कार्यक्रम लावावा आणि पहिल्या दोन स्वरांनंतर बंद करावा. कोण वाजवतंय हे तेवढ्यात कळलेलं असतं.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. एका षड्जावरून गाणारा ओळखणं ही आपल्याकडच्या मैफलीची जुनी रीत आहे. गिटारवरही ही परीक्षा चालते आणि ती फार कडक आहे, कारण गिटार हे अडवणारं वाद्य आहे. तिचे पडदे ठोकलेले असतात, स्वरांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात; नवख्यानेही बरोबर पडद्यावर बोट ठेवलं की बरोबर स्वर येतो. असा स्वर हजार जणांच्या हातून सारखाच यायला हवा. तो सारखा येत नाही. तार किती दाबली, नखाने छेडली की मांसल टोकाने, घोडीजवळ छेडली की मध्यावर, स्वर सोडताना बोट उचललं की घसरवलं, या सगळ्यातून हात ओळखू येतो. स्पेनच्या आंद्रेस सेगोव्हियाने नख आणि कातडं यांच्या नेमक्या मेळातून असा गोल, भरदार नाद काढला की दिवाणखान्याचं समजलं जाणारं हे वाद्य मोठ्या सभागृहात एकटं उभं राहिलं. व्हिला-लोबोससारख्या संगीतकारांनी त्याच्यासाठी रचना केल्या, त्या आज जगभरच्या अभ्यासक्रमांत आहेत. इंग्लंडच्या जेफ बेकने ऐन बहरात पिक टाकून दिलं आणि अंगठ्यानेच इलेक्ट्रिक गिटार वाजवली.

प्रभावाचा मुद्दा निघाला की चक बेरीचं नाव येतंच. १९७७ साली ‘नासा’ने व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर बेरीचं १९५८ सालचं ‘जॉनी बी. गुड’ आहे. त्याच तबकडीवर टेक्ससच्या ब्लाइंड विली जॉन्सनने १९२७ साली ध्वनिमुद्रित केलेली एक रचना आहे, जिच्यात शब्द नाहीत. नुसतं गुणगुणणं आणि स्लाइड गिटार. आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पृथ्वीवरचं संगीत म्हणून जे थोडं निवडलं गेलं, त्यात दोन गिटारवादक आणि एक गोमंतकीय गायिका एकाच तबकडीवर आहेत. विली जॉन्सन १९४५ साली टेक्ससमध्येच दारिद्र्यात वारला. त्याच्या गिटारमध्ये आणि गुणगुणण्यात कोण कुणाची साथ करतंय हे सांगता येत नाही. सूर एकाने सोडला की दुसरा तो तिथूनच उचलतो.

बेरीची ती प्रसिद्ध सुरुवात मुळात त्याची नव्हे. लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगन या गिटारवादकाने १९४६च्या एका गाण्यात ती जवळजवळ तशीच वाजवली होती. बेरीने ती घेतली, धारदार केली आणि तिच्यामागे स्वतःचे शब्द पळवले. त्याची खरी कमाई पुढच्या दोन मिनिटांत आहे. खालच्या दोन तारांवर ठोकत राहिलेली ती दुपदरी चाल पियानोवाल्याच्या डाव्या हातातून उचललेली आहे, आणि त्यानंतरच्या रॉक संगीतातला जवळजवळ प्रत्येक बँड त्या ठोक्यावर उभा आहे. कीथ रिचर्ड्सने तर आयुष्यभर त्याचाच पाठपुरावा केला. होगनचं नाव मात्र कुठल्या वादात निघत नाही.

नावं निघत नाहीत अशांची यादी लांब आहे, आणि तिच्यात बायका विशेष आहेत. २००३च्या त्या शंभरांत स्त्रिया दोनच होत्या, जोनी मिशेल आणि जोन जेट. सिस्टर रोझेटा थार्प चाळीसच्या दशकात चर्चमधली भजनं इलेक्ट्रिक गिटारवर अशा आवेशात वाजवत होती की पुढे ज्याला रॉक अँड रोल म्हटलं गेलं ते तिच्या हातात आधीच तयार होतं. ती १९७३ साली गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं २०१८ साली. मेबेल कार्टरने १९२७च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल या गावी आपल्या कुटुंबाबरोबर पहिली ध्वनिमुद्रणं केली. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल आणि बोटांनी वरच्या तारांवर ताल, ही तिची पद्धत अमेरिकेच्या ग्रामीण संगीतात इतकी मुरली की ती कुणाची हेच लोक विसरले.

एलिझाबेथ कॉटनची हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. नॉर्थ कॅरोलायनातली ही काळी मुलगी डावखुरी होती. घरातलं वाद्य उजव्या हाताचं. तिने ते सरळ उलटं धरलं. हेंड्रिक्सही डावखुरा आणि तोही गिटार उलटी धरी, पण त्याने तारा काढून आपल्या सोयीने पुन्हा लावल्या होत्या. कॉटनने तारा होत्या तशाच ठेवल्या. त्यामुळे जाड तारा तळाशी आणि बारीक तारा वर आल्या. इतरांचा अंगठा खर्ज सांभाळतो आणि बोटं चाल वाजवतात. तिची बोटं खर्जावर झुलत आणि अंगठा वर चाल वाजवी. अकरा-बारा वर्षांची असताना तिने ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं रचलं. पुढे लग्न, मूल, चर्चचा दबाव, घरकामं. गिटार सुटली ती काही दशकं. वॉशिंग्टनमध्ये एका दुकानात हरवलेली मुलगी तिने आईकडे पोचती केली, ते कुटुंब निघालं लोकसंगीताचा ध्यास घेतलेल्या सीगर मंडळींचं. त्यांच्या घरी ती कामाला लागली आणि भिंतीवर टांगलेली गिटार एक दिवस तिने काढून हातात घेतली. १९५८ साली तिचा पहिला अल्बम आला तेव्हा तिने साठी ओलांडली होती. त्याआधीच ‘फ्रेट ट्रेन’ इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या नावावर गाजून गेलं होतं. श्रेय मिळवायला तिला झगडावं लागलं. १९८५ साली, नव्वदीत, तिला ग्रॅमी मिळालं. तिच्या वाजवण्यात सोलो नावाचा प्रकारच नाही. खर्ज चालू आहे, चाल चालू आहे, आवाज चालू आहे, आणि यांतलं कुठलंही एक काढलं तर गाणं कोसळेल. वेगावर तोललं तर ती कुठेच बसत नाही. तरीही तिच्या त्या उलट्या बोटांची चाल हुबेहूब पकडायला सुलट्या हाताचे कसलेले वादक आजही घाम गाळतात.

आता फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात तो मार्च १९३७मध्ये दाखल झाला आणि मार्च १९८७मध्ये वारला तोवर, मधला थोडा काळ सोडला तर, तिथेच राहिला. पन्नास वर्षं. या काळात चार्ली ख्रिश्चनने बेनी गुडमनच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार आणून तिला सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलायला शिकवलं, आणि १९४२ साली पंचविसाव्या वर्षी तो क्षयाने गेला. त्यानंतरच्या प्रत्येक जॅझ गिटारवादकाला सोलोची वाट खुली झाली. ग्रीन त्या वाटेला गेला नाही. अ‍ॅम्प्लिफायर नाही, सोलो जवळजवळ नाहीच. पोकळ लाकडी गिटार, पडद्यांपासून उंच ताणलेल्या जाड तारा, आणि दर मात्रेला एक ठोका. ठोका मारून लगेच बोटं किंचित सैल सोडायची, म्हणजे नाद दाबला जातो आणि पुढचा ठोका मोकळ्या जागेत पडतो. सहा तारांवर हात फिरताना दिसे, पण बारकाईने ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं की तो बरेचदा एखाददुसरा स्वरच वाजू देतो. बाकीच्या तारा नुसत्या धप्प वाजतात. तो एक स्वर मात्रेगणिक हलतो आणि डबल बेसच्या वर एक बारीक चाल विणत जातो. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनची फौज समोर असताना ही गिटार वेगळी अशी ऐकूच येत नाही. ती थांबली असती तर मात्र श्रोत्यांपैकी प्रत्येकाला काहीतरी बिघडलं हे कळलं असतं.

ग्रीनला मोठं म्हणायचं की नाही, इथे या वादाचा खरा कस लागतो. सोलोवर मोजणाऱ्याच्या हिशेबात त्याला शून्य गुण. पण त्याच्या हातामुळे जॅझमधल्या एका सर्वश्रेष्ठ वाद्यवृंदाचा ताल अर्धशतक टिकला, आणि वाद्यवृंदातले सोलो वाजवणारे त्या तालाच्या भरवशावर मोकळे झाले. जेम्स ब्राउनच्या १९६५च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’मध्ये जिमी नोलनच्या गिटारचे ते आखूड, खरडल्यासारखे ठोके ऐकावेत : फंक या संगीतप्रकाराचा पाया त्यांत आहे. वेगाचा बादशहा म्हणून ज्याचं नाव घेतात तो पाको दे लुसिया गायक कामारोनच्या मागे बसून घडला. दोघांनी १९६८ ते १९७७ या काळात मिळून अनेक अल्बम केले. फ्लामेंकोत गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर थांबता येणं हाच गिटारवादकाचा धर्म मानतात, आणि पाकोच्या एकट्याच्या वादनातही श्वास घेण्याची ती जागा जाणवते.

मुंबईच्या स्टुडिओंची हकिगत याच जातीची. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन आणि हार्मनी शिकलेली ही मंडळी चाळीस-पन्नासच्या दशकांत मुंबईत आली आणि आपल्या गाण्यांना कॉर्ड मिळाल्या. रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक एवढीच नावं छापली जात. ‘दम मारो दम’ची सुरुवातीची गिटार लाखो लोकांना तोंडपाठ आहे. ती भूपिंदर सिंगने वाजवली, तोच तो पुढे गझला गाणारा भूपिंदर, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘चुरा लिया है’मधली गिटारही त्याचीच. ‘कर्ज’मधल्या ‘एक हसीना थी’ची ती कथेला वळण देणारी धून संगीतकार प्यारेलाल यांचे धाकटे भाऊ गोरख शर्मा यांच्या हातची. मुंबईत जन्मलेला गोमंतकीय वंशाचा अमान्सिओ डिसिल्व्हा लंडनला गेला आणि १९६९ साली तिथे त्याने ‘हम दोनो’ हा जॅझ अल्बम केला. भारतीय स्वरांची वळणं गिटारवर आणणारा तो एक मोठा वादक. मुंबईच्या या वादकांपैकी कुणाचंही नाव सर्वश्रेष्ठांच्या वादात निघत नाही. यातलं काही दुर्लक्षामुळे, काही त्या काळच्या पद्धतीमुळे. पण ऐकणाऱ्यांनीही त्यांना शोधलं नाही, हे कबूल करायला हवं.

भारतीय रागसंगीताला गिटारचे पडदे मुळातच अडचणीचे. मींड कशी घ्यायची? सतारीचे पडदे कमानदार आणि रुंद असतात, तार कितीतरी खेचता येते. गिटारच्या अरुंद नेकवर तेवढी जागा नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि पडदे सोडून तारांवरून धातूची कांडी फिरवली. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’वर ते शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर आहेत. संतूर आणि बासरीबद्दल भरभरून बोललं जातं. त्या तबकडीवरची गिटार निराळी काढून ऐकणारे कमी. काबरांच्या नंतर विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफा जोडून मोहनवीणा केली आणि राय कूडरबरोबरच्या अल्बमला १९९४ साली ग्रॅमी मिळालं.

आता पुन्हा हेंड्रिक्स. १८ जून १९६७ला कॅलिफोर्नियातल्या माँटेरे महोत्सवात दुपारी रविशंकरांची सतार झाली आणि रात्री हेंड्रिक्सने वादन संपवताना आपली गिटार पेटवली. रविशंकरांना त्याचं वाजवणं आवडलं होतं, वाद्य जाळणं मात्र जिव्हारी लागलं, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या परंपरेतून आलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? त्यांचं बरोबरच होतं. दुर्दैव असं की ती आगच लोकांच्या डोळ्यांत राहिली. दोन वर्षांनी, १८ ऑगस्ट १९६९च्या सकाळी, वुडस्टॉकचा बहुतेक समुदाय पांगला असताना त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या घुसमटीतून बाँब आणि किंकाळ्या उठवल्या, मधेच सैनिकाच्या दफनाच्या वेळी वाजवतात ती धून आणली. तो स्वतः हवाई छत्रीदलात राहिलेला होता आणि व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. गिटार असंही बोलू शकते हे त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

तरीही हेंड्रिक्सचा पहिला क्रमांक पटवून द्यायचा तर ‘लिटल विंग’ पुढे करावं. १९६७चं हे गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. हेंड्रिक्स पुढारी होण्याआधी लिटल रिचर्डसारख्यांच्या मागे साथीला उभा राहत असे, आणि ती सगळी नोकरी या गाण्यात फळाला आली आहे. अंगठा नेकच्या वरून वळून खर्जाची तार दाबतो, त्यामुळे चारही बोटं मोकळी होतात, आणि प्रत्येक कॉर्डच्या आतच छोट्या-छोट्या ताना उमलतात. साथ कुठे संपते आणि चाल कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. शेवटी सोलो येतो तो सुंदर आहे, पण तोवर जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं.

वाचकाला एक विनंती आहे. पुढचे लेख वाचायला घेण्याआधी काउंट बेसीच्या ‘द अ‍ॅटॉमिक मिस्टर बेसी’ या अल्बमवरचं ‘लिल डार्लिन’ शांतपणे ऐकावं. लय अतिशय संथ आहे, त्यामुळे ग्रीनचा एकेक ठोका सापडतो. पहिल्यांदा नाही सापडला तर ट्रम्पेटकडे लक्ष न देता पुन्हा ऐकावं. मग कॉटनचं ‘फ्रेट ट्रेन’, मग रीगल थिएटरमधला बी. बी. किंग, मग ‘लिटल विंग’. त्यानंतर ज्याला आपली यादी करायची असेल त्याने ती जरूर करावी आणि मित्रांशी कडाकडा भांडावं. या प्रस्तावनेचं मत विचाराल तर पहिल्या दहांत फ्रेडी ग्रीन हवाच.